'चालत नाही' आणि 'चालवू देत नाही'



जुन्नरला इतिहासाचे व्याख्यान म्हटले की लोक शिवनेरी नाहीतर नाणेघाटाची वाट पाहतात. आज आम्ही तुमची थोडी निराशा करणार आहोत. विषय इतिहासाचाच आहे, पण पस्तीस-चाळीस वर्षांचा.

2025 च्या दिवाळीच्या तोंडावर आंबेगाव तालुक्यातल्या एका वाचनालयाने आम्हाला बोलावले. तिथे चार संगणक. गावातली मुले त्यांच्यावरच शिष्यवृत्तीचे आणि भरतीचे अर्ज भरतात. चारही पडद्यांवर एकच सूचना: या संगणकावर विंडोज 11 घेता येणार नाही. ग्रंथपाल म्हणाले, "सर, मग हे भंगारात घालायचे का?"

झाले होते असे की 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा सपोर्ट थांबवला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते, आणि प्रोसेसर कंपनीच्या यादीत असावा लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. वाचनालयातले चारही त्याच्या अलीकडचे.

आता इथे आमचा जुना धंदा, म्हणजे तत्त्वज्ञान, जरा उपयोगी पडते. 'चालत नाही' आणि 'चालवू देत नाही' ही दोन विधाने आपण एकाच दमात बोलतो. खुद्द मायक्रोसॉफ्टनेच एक बदल जाहीर केला होता, तो केला की जुनी टीपीएम 1.2 असलेल्या आणि यादीबाहेरच्या यंत्रावरही विंडोज 11 चढते. सोबत इशारा होता की अशा यंत्राला पुढची अद्यतने मिळतीलच असे नाही. म्हणजे यंत्राला जमते, हमी द्यायला कंपनी तयार नाही. याउलट 2024 च्या 24एच2 आवृत्तीला पीओपीसीएनटी नावाची प्रोसेसरमधली एक आज्ञा लागते. ज्या फार जुन्या प्रोसेसरमध्ये ती आज्ञाच नाही, तिथे ही आवृत्ती सुरूच होत नाही. हे खरे 'चालत नाही'. पहिले विधान कराराविषयी आहे आणि दुसरे यंत्राविषयी. भंगारवाल्याला बोलावण्याआधी आपल्यापुढे यातले कोणते आहे ते तरी बघावे.

निर्मात्याच्या हिशेबात नसलेले काम यंत्राकडून करून घेणे आपल्याला नवे नाही. डॉसच्या काळात आपल्या कचेऱ्यांत आलेल्या संगणकांना मराठी येत नव्हती, आणि त्यांच्या निर्मात्यांना त्याची खंतही नव्हती. आयआयटी कानपूरला सुरू झालेले आणि पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलेले 'जिस्ट' कार्ड त्या संगणकात खोचले, की इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये देवनागरी उमटायची. आज मोबाइलवर मराठीत भांडणाऱ्यांना हे सांगून पटत नाही!

लिनक्सची कथा तर आणखी मजेची. 1991 मध्ये हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ती स्वतःच्या 386 संगणकासाठी लिहिली. दुसऱ्या जातीच्या यंत्रांवर ती जाईल अशी त्याची अपेक्षा नव्हती. लोकांनी ती नेली. आणि 2013 च्या 3.8 आवृत्तीत लिनक्सने 386 चाच सपोर्ट काढून टाकला. ज्या घरात जन्म झाला त्याच घराला कुलूप. तेव्हा सोडून देणे हा फक्त कंपन्यांचा दुर्गुण आहे असे समजू नका. फरक एवढाच की लिनक्सचा जुना कोड उघडा आहे, ज्याला हवा त्याने तो उचलून सांभाळावा.

आता आपल्या खोडदला या. जीएमआरटीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 डिश आपण येता-जाता बघतो. त्यांतली प्रत्येक डिश दुसऱ्या प्रत्येकीशी जुळवून पाहायची, तर जोड्या होतात 435. हा गुणाकार सतत, त्या क्षणीच करावा लागतो. सुरुवातीला त्यासाठी खास बांधलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा होती. 2010 च्या सुमारास शास्त्रज्ञांनी तेच काम बाजारात मिळणाऱ्या लिनक्सवरच्या संगणकांकडून, सॉफ्टवेअर लिहून, करून घेतले. पुढच्या सुधारणेत तर जीपीयू आले. व्हिडिओ गेमची चित्रे रंगवायला जन्मलेली ही जात पल्सार शोधायला लागली. ते संगणक बनवणाऱ्यांच्या मनात नारायणगावजवळचे आकाश कुठून असणार?

पण खोडदला ते चालते, कारण बिघडले तर रात्री उठून जाणारे अभियंते तिथे आहेत. निर्मात्याने न घेतलेली जबाबदारी त्यांनी घेतली. जबाबदारी कुणाच्या तरी खांद्यावर असावीच लागते. सुरक्षेची अद्यतने न मिळणारा संगणक इंटरनेटला जोडून ठेवणे म्हणजे दार सताड उघडे टाकून यात्रेला जाणे. 'चालतंय ना' म्हणून बसून राहणाऱ्यांशी म्हणूनच आमचे पटत नाही.

वाचनालयात आम्ही तीन संगणकांवर लिनक्स घातले. मराठी टायपिंग पहिल्या दिवसापासून उत्तम. जुना स्कॅनर मात्र काही केल्या ऐकेना. शेवटी चौथ्या संगणकावर विंडोज 10 तसेच ठेवले, इंटरनेटची वायर काढून. स्कॅन तिथे करायचा आणि पेन ड्राइव्हवरून शेजारी न्यायचा. गैरसोय आहेच.

दर शनिवारी अद्यतने करायचे काम बारावीतल्या एका मुलीने अंगावर घेतले. काय केले, काय अडले, ते ती वहीत लिहून ठेवते. आम्ही विचारले, "जूनमध्ये तू पुण्याला कॉलेजला गेलीस की मग?" ती म्हणाली, "सर, नववीतल्या दोघांना आत्तापासून शेजारी बसवते आहे. एकाचं अक्षर वाईट आहे, पण शिकतोय."