परलकोटचे दालन

सिलतरा हे रायपूरच्या उत्तरेस, बिलासपूरच्या रस्त्यावरील लोखंडाच्या कारखान्यांचे गाव. नोकरीच्या निमित्ताने या बाजूस येणाऱ्या आम्हां मराठी मंडळींस हा मुलूख फारसा परका वाटत नाही. १७४१ साली भास्करपंत कोल्हटकर बंगालच्या स्वारीवर जाताना रतनपूरवर चालून आले. पुढे १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी तेथूनच छत्तीसगडचा कारभार पाहिला. हे सारे आपण अभिमानाने सांगतो. त्याची दुसरी बाजू पाहावयाची असेल, तर शहर ओलांडून नवा रायपूरला जावे. तेथे १ नोव्हेंबर २०२५ रोजी शहीद वीर नारायणसिंह यांच्या नावाचे, आदिवासी स्वातंत्र्यवीरांचे संग्रहालय उघडले.

नारायणसिंह हे सोनाखानचे बिंझवार जमीनदार. १८५६ च्या दुष्काळात त्यांनी एका व्यापाऱ्याचे कोठार उघडून उपाशी रयतेस धान्य वाटले. १० डिसेंबर १८५७ रोजी इंग्रजांनी त्यांना रायपुरात फाशी दिले. ही कथा ऐकताना आम्हांस काही जड जात नाही. शत्रू इंग्रज आहे. परलकोटच्या दालनाशी मात्र पाय अडखळतो. अबूझमाडच्या अरण्यातील त्या जमीनदारीचे गेंदसिंह १८२४ साली उठले, ते इंग्रजांविरुद्ध आणि मराठ्यांविरुद्धही. करांचा जाच आणि परक्या अंमलदारांची अरेरावी, ही कारणे. धावड्याची डहाळी गावोगाव फिरे. तिची पाने सुकण्यापूर्वी येऊन मिळावयाचे, असा संकेत होता. बंड मोडण्यास फौज आली ती चांद्याहून, म्हणजे आपल्या चंद्रपुराहून! २० जानेवारी १८२५ रोजी गेंदसिंहांस त्यांच्याच वाड्यापुढे फाशी दिले गेले.

त्या काळी नागपूरच्या राज्याची सूत्रे इंग्रज रेसिडेंटाच्या हाती होती, हा बचाव खरा आहे. पण जमीनदारांकडून खंडणी घेण्याची रीत काही त्याने घातली नव्हती.

रायपुरात १८७५ सालापासूनचे महंत घासीदास संग्रहालय आहेच. या प्रांतीचे कलचुरी लेख वाचून वा. वि. मिराशींनी १९५५ साली ग्रंथरूपाने सिद्ध केले, याचा आम्हांस सार्थ अभिमान आहे. परंतु शिलालेख कोरवितो राजा. डहाळी फिरविणाऱ्याचे दप्तर कोठे असावयाचे?

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी हा प्रश्न आपल्या परीने सोडविला. शिकागोत मार्गारेट बरोज या चित्रकार शिक्षिकेने १९६१ साली पतीसह राहत्या घरातच संग्रहालय मांडले. त्याच शहरात १९६७ साली कृष्णवर्णीय चित्रकारांनी भर वस्तीतील एका भिंतीवर आपल्या थोरांची चित्रे रंगविली. नव्या रायपूरचे संग्रहालय शासनाने बांधले, तेथील पुतळेही शासनानेच घडवून घेतले. म्हणून ते कमी मोलाचे, असे आम्ही म्हणणार नाही. तरी ते काम परलकोटच्या लोकांनी सांगून करविले असते, तर त्यांत मराठी शिपाई केवढा दिसला असता, हा विचार मनातून जात नाही. शिकागोची ती भिंत १९७१ च्या आगीनंतर पाडण्यात आली. घरात मांडलेले संग्रहालय आजही चालू आहे.