थकलेले पंख

लोणी भापकरला आमचे अब्बा कुंपणाची तार पकडीशिवाय तोडत, खालीवर वाकवून. विमानाचा पंखही असाच थकतो. दर उड्डाणात जरासा वाकतो, सरळ होतो, आणि कुठेतरी केसाएवढी चीर वाढत जाते.

१९५७ साली बांधलेलं पूर्वी अमेरिकी हवाई दलाचं असलेलं एक जुनं सी-१३० विमान २००२मध्ये कॅलिफोर्नियात वणवा विझवत होतं. दोन्ही पंख हवेतच मोडले, तिघे गेले. चीर दुरुस्तीच्या पट्टीखालीच दडली होती!

ओझरला बनलेल्या आपल्या मिग-२१चंही आयुष्य वाढवत नेलं. निरोप मिळाला २६ सप्टेंबर २०२५ला. १९४७ला श्रीनगरला जवान उतरवणाऱ्या डकोटांच्या जातीचं एक विमान मात्र २०१८मध्ये दुरुस्त होऊन हवाई दलात दाखल झालं. ते पाहायला मी हौसेने जाईन. पण रंग पाहून नव्हे, पंखांचे सांधे कधी तपासले हे विचारून टाळ्या वाजवीन.