खोली, दाब आणि पाणबुड्यांची मापे
पाणबुड्याच्या मनगटावरचा खोलीमापक प्रत्यक्षात दाब मोजतो आणि त्या दाबावरून काढलेला खोलीचा आकडा दाखवतो. खोली हे नाविकांचे माप, दाब हे अभियंते आणि शरीरशास्त्रज्ञांचे. दोन्ही घराण्यांची एकके वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या देशांत रुजली आणि पाण्याखाली एकाच तबकडीवर येऊन बसली. आजचा बराचसा गोंधळ त्यातूनच आलेला आहे.

इंग्लिश नाविक खोली फॅदममध्ये सांगत. एक फॅदम म्हणजे सहा फूट, पसरलेल्या दोन हातांएवढे अंतर. कोकणातले दर्यावर्दी तेवढ्याच मापाला वाव म्हणतात. दाबाचे माप निराळ्या वाटेने आले. १६४३ च्या सुमारास टॉरिचेल्लीने हवेचा दाब पाऱ्याच्या स्तंभाने तोलून दाखवला. पाऱ्याचा ७६० मिलिमीटरचा स्तंभ पेलणारी हवा समुद्राच्या पाण्याचा सुमारे ३३ फुटांचा, म्हणजे जवळपास १० मीटरचा स्तंभ पेलते. म्हणून दर १० मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो, हा पाणबुड्यांचा पहिला हिशेब ठरला.

हा हिशेब जीवनमरणाचा झाला तो जॉन स्कॉट हॉल्डेनमुळे. ब्रिटिश नौदलासाठी त्याने बकऱ्यांवर आणि नंतर पाणबुड्यांवर प्रयोग केले आणि १९०८ मध्ये बॉयकॉट व डॅमंट यांच्यासह ते प्रसिद्ध केले. ३३ फुटांवर कितीही वेळ काढून थेट वर आलेल्या माणसाला बेंड्सचा, म्हणजे दाब एकदम उतरल्याने होणाऱ्या आजाराचा, त्रास होत नाही, हे निरीक्षण त्याच्या विचाराच्या मुळाशी होते. ३३ फुटांवर एकूण दाब दोन वातावरणे, पृष्ठभागावर एक. म्हणजे दाब निम्म्यावर आणला तरी रक्तात विरघळलेला नायट्रोजन त्रासदायक बुडबुडे धरत नाही. त्याच न्यायाने १६५ फुटांवरचा (सहा वातावरणे) माणूस ६६ फुटांपर्यंत (तीन वातावरणे) सरळ येऊ शकतो, पुढे दर दहा फुटांवर थांबे घेत. त्याच्या तक्त्यात फूट, फॅदम आणि चौरस इंचावरचे पौंड असे तीन रकाने शेजारी शेजारी होते. ३६ फूट, ६ फॅदम आणि १६ पौंड ही एकच ओळ. गोंधळ टाळण्याची याहून प्रामाणिक पद्धत पुढेही फारशी कुणाला सापडली नाही.

मात्र त्या तिसऱ्या रकान्यात एक सापळा होता. ते १६ पौंड फक्त पाण्याचे; वरच्या हवेचे सुमारे १५ पौंड त्यात धरलेले नाहीत. हॉल्डेनचे गुणोत्तर मात्र निरपेक्ष दाबावर, म्हणजे पाणी अधिक हवा अशा बेरजेवर उभे आहे. जर्मन अभियंत्यांनी हा भेद एककाच्या नावातच घातला: निरपेक्ष दाबाला ‘आटा’, हवेच्या दाबाहून जास्तीच्या दाबाला ‘आट्यू’. हा भेद विसरला की काय होते, ते हवेच्या हिशेबात दिसते. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने सुमारे २४०० लिटर हवा मावते. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेणाऱ्याला २० मीटरवर, तीन बार दाबाखाली, ६० लिटर लागते. सगळी हवा ४० मिनिटांत संपते. वरचा एक बार गाळून हिशेब करणाऱ्याला तीच हवा तासभर पुरेल असे वाटते.

१९४३ मध्ये फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यां यांनी ॲक्वालंग हे पाण्याखाली श्वास घेण्याचे उपकरण बनवले आणि मीटर व लिटर पाण्याखाली गेले. अमेरिकेने तेच तंत्र फूट, घनफूट आणि पीएसआयमध्ये (चौरस इंचावरच्या पौंडांत) वापरले. युरोपात सिलिंडरचा आकार त्यात मावणाऱ्या पाण्यावरून सांगतात, अमेरिकेत पूर्ण भरल्यावर निघणाऱ्या हवेवरून. त्यामुळे अमेरिकेतला ‘८०’चा ॲल्युमिनियम सिलिंडर युरोपात ११.१ लिटरचा होतो. त्याचे ३००० पीएसआय म्हणजे २०७ बार. काट्यावरचे १०० बार म्हणजे साधारण अर्धा सिलिंडर, १०० पीएसआय म्हणजे जवळजवळ रिकामा.

तक्तेही नुसते गुणाकार करून बदलता येत नाहीत. पॅडी या पाणबुड्यांच्या प्रशिक्षण संस्थेच्या १९८८ च्या तक्त्यात थांब्याशिवाय वर येण्याची मर्यादा ६० फुटांना ५५ मिनिटे आहे, तर मीटरच्या आवृत्तीत १८ मीटरना ५६. यात चूक नाही. १८ मीटर म्हणजे ५९ फूट, आणि प्रत्येक पूर्णांक खोलीसाठी वेळ स्वतंत्र काढलेली आहे. संशोधकांतही हीच फाळणी राहिली: अमेरिकन नौदलाच्या वर्कमनने १९६५ मध्ये ऊतींच्या मर्यादा समुद्रजलाच्या फुटांत दिल्या, झुरिकच्या ब्यूलमानने बारमध्ये. समुद्रजलाचा मीटर आणि समुद्रजलाचा फूट ही दाबाची एकके आहेत. त्यांतले गुणोत्तर सुमारे ३.२६, तर लांबीच्या मीटर-फुटांचे ३.२८. फरक किरकोळ दिसतो, पण शंभर मीटरवर तो दीड-दोन फुटांचा होतो. गोड्या पाण्यात आणखी तफावत पडते, कारण ते सुमारे तीन टक्के हलके असते. म्हणून युरोपीय मानक ईएन १३३१९ ने सरळ १० मीटर म्हणजे एक बार असे धरले. १९८० च्या दशकात डाइव्ह कॉम्प्युटर आले. त्यांचा संवेदक फक्त दाब जाणतो, मीटर की फूट हे पडद्यापुरते उरले.

भारतात १९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली, तरी तेलक्षेत्रातला पाणबुड्या दोन्ही पद्धतींशी जुळवून घेतो. मुंबई हायजवळ समुद्र साधारण ७५ मीटर खोल आहे. तिथे तळाशी काम करणाऱ्याच्या शरीरावर साडेआठ बार दाब असतो. तारकर्लीत किंवा गोव्यात पहिल्यांदा सिलिंडर पाठीवर घेणाऱ्याने पाण्यात उतरण्यापूर्वी आपल्या काट्यावर ‘बार’ लिहिले आहे की ‘पीएसआय’, हे पाहावे, आणि बरोबरच्या जोडीदाराच्या काट्यावर काय आहे हेही विचारून घ्यावे.