‘वय झालं, चालायचंच’ : वार्धक्यातील नैराश्य ओळखण्याचा इतिहास

रक्तदाब मोजायला यंत्र आहे. नैराश्य ओळखायचे तर माणसाला प्रश्नच विचारावे लागतात, आणि कोणते प्रश्न विचारावेत यालाही इतिहास आहे.

१९६० मध्ये मॅक्स हॅमिल्टन यांनी ब्रिटनमध्ये नैराश्याची तीव्रता मोजणारी मापनश्रेणी प्रसिद्ध केली. झोप, भूक, वजन अशा शारीरिक लक्षणांना तिच्यात बरेच गुण होते. पण सत्तरीतील माणसाची झोप नैराश्याने उडाली की सांधेदुखीने, हे त्या गुणांवरून कसे ठरवायचे?

ही अडचण ओळखून अमेरिकेत जेरोम येसावेज व सहकाऱ्यांनी १९८२-८३ च्या सुमारास खास वृद्धांसाठी प्रश्नावली तयार केली. १०० प्रश्नांतून ३० निवडले गेले. त्यांत झोपेचा वा भुकेचा एकही प्रश्न राहिला नाही. आयुष्याबद्दल समाधान आहे का, कंटाळा येतो का, आपण निरुपयोगी झालो असे वाटते का, असे साधे प्रश्न. उत्तर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’. १९८६ मध्ये तिचे १५ प्रश्नांचे रूप आले. तिचे गुण म्हणजे निदान नव्हे. पुढील तपासणीची गरज तेवढी त्यांतून कळते.

तथापि, विचारण्याजोगे काही आहे असे कोणाला वाटलेच नाही तर? विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांचा गोव्यातील अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. वृद्धांचे खिन्न होणे लोकांच्या परिचयाचे होते. त्याला आजार मात्र क्वचितच कोणी म्हणत असे. मला हे निरीक्षण कोणत्याही गुणांकाहून महत्त्वाचे वाटते, कारण जो आजारच मानला जात नाही तो घेऊन दवाखान्यात कोण जाईल?

पुढे अमित डायस व सहकाऱ्यांनी गोव्यातच प्राथमिक आरोग्यसेवेत येणाऱ्या साठीपुढील व्यक्तींची चाळणी केली. त्यासाठी डेव्हिड गोल्डबर्ग यांची १२ प्रश्नांची प्रश्नावली वापरली. सौम्य लक्षणे असलेल्या, पण पूर्ण आजार न जडलेल्या १८१ जणांचा हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना समुपदेशन मिळाले त्यांच्यात पुढे नैराश्य जडण्याचे प्रमाण बरेच कमी आढळले. समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. ती प्रशिक्षण दिलेली सामान्य माणसे होती. अडचणी सोडवण्याची पद्धत ती शिकवत. येसावेज यांच्या यादीतून गळालेली झोप इथे उपचारात परतली होती : ती सुधारण्याचे उपाय सांगितले जात. मधुमेहासारख्या दुखण्यांची काळजी आणि सरकारी योजनांचा लाभ मिळवण्यास मदत, हेही त्याच उपचाराचे भाग होते.