नवा आयपॅड घ्यावा की जुनाच? २०१२ सालचा एक पेच

१/
७ मार्च २०१२. सॅन फ्रान्सिस्को येथील येर्बा बुएना कला केंद्रात ॲपलचे प्रमुख टिम कुक यांनी तिसऱ्या पिढीचा आयपॅड जगापुढे ठेवला. स्टीव्ह जॉब्स यांच्या निधनाला तेव्हा पाचच महिने झाले होते. या यंत्राला क्रमांक दिला गेला नाही. कंपनी त्याला केवळ ‘नवा आयपॅड’ म्हणत होती. त्याच दिवशीची दुसरी घोषणा मात्र काहीशी झाकोळली गेली: वर्षभरापूर्वीचा आयपॅड २ बंद होणार नव्हता. नव्याची किंमत ४९९ डॉलरपासून सुरू होत होती आणि जुना ३९९ डॉलरला मिळणार होता.

२/
ग्राहकापुढे असा प्रश्न प्रथमच उभा राहिला. २०११ मध्ये दुसरा आयपॅड आला तेव्हा पहिल्याचा उरलासुरला साठा सवलतीत विकून तो बंद करण्यात आला होता. आता जुना आणि नवा एकाच दुकानात शेजारीशेजारी मांडलेले होते. भारतात नवा आयपॅड २७ एप्रिलला आला. सर्वांत साध्या नव्या यंत्राची किंमत ३०,५०० रुपये, तर तशाच जुन्याची २४,५०० रुपये. सहा हजारांचा फरक त्या काळी किरकोळ नव्हता.

३/
या सहा हजारांत मिळत काय होते? मुख्यतः पडदा. आयपॅड २ च्या पडद्यावर १०२४ × ७६८, म्हणजे ७,८६,४३२ चित्रबिंदू होते. नव्याच्या तेवढ्याच आकाराच्या पडद्यावर ते बरोबर चौपट, ३१,४५,७२८ झाले. एका इंचात पूर्वी १३२ बिंदू बसत, आता २६४. रोमन अक्षरांपेक्षा देवनागरीला हा फरक अधिक जाणवणारा होता. जोडाक्षरे, रफार आणि अनुस्वार जुन्या पडद्यावर, विशेषतः बारीक टंकात, एकमेकांत मिसळत. जुन्या ग्रंथांची छायाप्रत तासन्‌तास वाचणाऱ्यासाठी हा खर्च चैनीचा नव्हता.

४/
पण चौपट बिंदू फुकट उजळत नाहीत. आयपॅड २ ची बॅटरी २५ वॅट-अवरची होती, नव्याची ४२.५ वॅट-अवरची. क्षमता ७० टक्क्यांनी वाढली, तरी कंपनीचा दावा दोन्हींसाठी एकच राहिला: १० तास. वाढीव वीज जवळजवळ सगळी पडदा आणि त्याला चित्र पुरवणारी चिप यांनीच गिळली. जाडी ८.८ वरून ९.४ मिलिमीटर झाली, वजन ६०१ वरून ६५२ ग्रॅम, आणि चार्जिंगला वेळही अधिक लागू लागला. नवी आवृत्ती जुनीपेक्षा जाड आणि जड असावी, हे ॲपलच्या बाबतीत नवलच होते.

५/
उष्णतेचाही बोभाटा झाला. अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने जड खेळ चालवून तापमान मोजले, तेव्हा ते ११६ अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे सुमारे ४७ अंश सेल्सिअसपर्यंत गेले. तरी याच संस्थेने पुढे या यंत्राला उत्तम गुण दिले. ओरड थोडी अतिरंजितच होती.

६/
‘४जी’ची कथा अधिक गंभीर. नव्या आयपॅडचा एलटीई रेडिओ उत्तर अमेरिकेतील लहरींसाठी घडवलेला होता. ऑस्ट्रेलियातील ४जी जाळे वेगळ्या लहरींवर चालत असल्याने तेथील ग्राहक-संरक्षण आयोगाने कंपनीला न्यायालयात खेचले. कंपनीने पैसे परत देण्याची तयारी दाखवली आणि जूनमध्ये २२.५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंडही झाला. भारतात एअरटेलने एप्रिल २०१२ मध्ये कोलकात्यात आणि त्याच वर्षी बंगळूर व पुण्यात ४जी सुरू केले, पण २३०० मेगाहर्ट्‌झवर. तेथेही या यंत्राचा ४जी निरुपयोगीच होता.

७/
तरीही लोकांनी नव्यालाच कौल दिला. विक्री १६ मार्चला सुरू झाली आणि १९ मार्चला कंपनीने ३० लाख यंत्रे विकल्याचे जाहीर केले.

८/
ज्यांनी जुनाच घेतला त्यांतील काहींना मात्र नकळत एक लाभ झाला. त्या वसंतात आयपॅड २ च्या काही प्रतींत कंपनीने गाजावाजा न करता ३२ नॅनोमीटर तंत्राची अधिक काटकसरी चिप बसवली. चाचण्यांत या प्रतींची बॅटरी स्पष्टपणे जास्त चालली. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसत, त्यामुळे कोणती हाती पडेल हे नशिबावर होते.

९/
मग आला २३ ऑक्टोबर २०१२. विक्री सुरू झाल्यापासून अवघे २२१ दिवस लोटले होते. सॅन होजे येथे चौथ्या पिढीचा आयपॅड जाहीर झाला: पडदा तोच, किंमत तीच, पण चिप कितीतरी वेगवान आणि जोडणीचे टोकही नवे. ‘नवा आयपॅड’ त्याच दिवशी बंद झाला. मार्चमध्ये तो घेणाऱ्यांचा संताप सहज समजण्याजोगा होता. ब्राझीलमध्ये एका संस्थेने पुढे यावरून दावाही दाखल केला.

१०/
कंपन्या पुढची आवृत्ती आधी का सांगत नाहीत, यामागे एक जुनी आठवण सांगितली जाते. १९८१ मध्ये ऑसबोर्न १ हा सुटसुटीत संगणक १,७९५ डॉलरला आला आणि तुफान चालला. १९८३ मध्ये पुढच्या यंत्राचा बोलबाला झाला, लोकांनी जुन्याची खरेदी थांबवली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. पतनाला इतरही कारणे होती, पण उद्योगाने धडा घेतला तो मौनाचा. त्या मौनाची किंमत ग्राहक मोजतो.

११/
आता जुन्या आयपॅड २ चे काय झाले? तो विकला जातच राहिला. त्याच ऑक्टोबरमध्ये आलेल्या आयपॅड मिनीतही त्याच जातीची चिप आणि १०२४ × ७६८ बिंदूच होते. त्यामुळे ॲप बनवणाऱ्यांना जुन्या पडद्याकडे पाठ फिरवता आली नाही. आयपॅड २ थेट १८ मार्च २०१४ पर्यंत दुकानात होता. त्याच्या जागी ३९९ डॉलरला आणला गेला तो आधीच बंद केलेला चौथा आयपॅड. तिसरा कधीच परतला नाही.

१२/
याचे कारण पेटीच्या आत होते. तिसऱ्या आयपॅडमध्ये चित्र रंगवणारा भाग दुप्पट झाला, स्मृती ५१२ मेगाबाइटवरून १ गिगाबाइट झाली, पण मुख्य गणन करणारे दोन गाभे आयपॅड २ चेच, त्याच १ गिगाहर्ट्‌झ वेगाचे होते. सप्टेंबर २०१६ मध्ये आयओएस १० आली तेव्हा तिने आयपॅड २ आणि ‘नवा आयपॅड’ या दोघांनाही एकाच दिवशी वगळले. चौथ्याला मात्र आणखी एक वर्ष मिळाले.