‘निवडून येईल का?’ आणि ‘विश्वास ठेवावा का?’ : १९६० सालच्या केनेडींपुढचे दोन प्रश्न

१/ ५ एप्रिल १९६०ची रात्र. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीची मतमोजणी संपत आली होती. सिनेटर जॉन केनेडी सुमारे ५६ टक्के मते मिळवून जिंकले होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. या निकालाचा अर्थ काय, असे बहिणीने विचारले, तेव्हा ‘हे सारे आता पुन्हा पहिल्यापासून करावे लागणार’ अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. जिंकलेला उमेदवार इतका खिन्न का होता? आजचा थ्रेड त्याविषयी.

२/ आधी थोडी पार्श्वभूमी. अध्यक्षपदाची उमेदवारी पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात राज्याराज्यांतून आलेले प्रतिनिधी ठरवतात. आज हे प्रतिनिधी बहुतांशी प्राथमिक निवडणुकांतून निश्चित होतात. १९६० मध्ये मात्र अशा निवडणुका सोळाएक ठिकाणीच होत. उरलेले प्रतिनिधी शिकागोचे महापौर रिचर्ड डेली किंवा पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर डेव्हिड लॉरेन्स यांच्यासारख्या पक्षधुरिणांच्या मुठीत असत. प्राथमिक निवडणूक जिंकणे म्हणजे या धुरिणांपुढे पुरावा ठेवणे.

३/ पुरावा कशाचा? आपल्या वृत्तपत्रांच्या भाषेत सांगायचे तर ‘इलेक्टिव्ह मेरिट’चा. केनेडी रोमन कॅथलिक होते. १९२८ मध्ये अ‍ॅल स्मिथ या कॅथलिक नेत्याला डेमोक्रॅट्सनी उमेदवारी दिली होती. हर्बर्ट हूव्हर यांनी मतदारवृंदाच्या ४४४ विरुद्ध ८७ मतांनी त्यांचा पराभव केला. पिढ्यान्‌पिढ्या डेमोक्रॅट्सची मानली गेलेली दक्षिणेतील काही राज्येही तेव्हा हातची गेली. ती जखम बत्तीस वर्षांनंतरही ओली होती.

४/ लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ही शंका केवळ प्रॉटेस्टंटांची नव्हती. लॉरेन्स स्वतः कॅथलिक होते, तरी कॅथलिक उमेदवाराबाबत ते साशंक होते. ‘मला चालेल हो, पण लोकांना चालणार नाही,’ हे वाक्य आपल्याही परिचयाचे आहे. या वाक्यात पूर्वग्रह नेहमी दुसऱ्याच्या पदरात टाकलेला असतो, आणि म्हणूनच त्याचा प्रतिवाद करणे कठीण असते. लोकांना चालते की नाही, हे लोकांनाच विचारावे लागते.

५/ विस्कॉन्सिनने याचे उत्तर अर्धवट दिले. दहांपैकी सहा मतदारसंघ केनेडींना मिळाले, चार प्रतिस्पर्धी ह्यूबर्ट हम्फ्री यांना. केनेडींचा जोर कॅथलिकबहुल भागांत होता, तर हम्फ्रींनी प्रॉटेस्टंटबहुल भागांत मुसंडी मारली होती. साशंकांनी लगेच निष्कर्ष काढला : धर्मबांधवांनी तारले, एवढेच! केनेडींच्या खिन्नतेचे कारण हे.

६/ पुढचा आखाडा होता वेस्ट व्हर्जिनिया. डोंगराळ कोळसापट्टा, यंत्रे आल्यामुळे बेकार झालेले खाणकामगार, आणि कॅथलिकांचे प्रमाण जेमतेम पाच टक्के. थिओडोर व्हाइट या पत्रकाराने नोंदवले आहे की, डिसेंबर १९५९ मधील केनेडींच्या खासगी चाचणीत त्यांच्याकडे ७० विरुद्ध ३० अशी आघाडी होती. मतदानाच्या तीन आठवडे आधी पारडे फिरून हम्फ्री ६०, केनेडी ४० असे झाले. मधल्या काळात घडले एवढेच, की केनेडी कॅथलिक असल्याचे मतदारांना समजले.

७/ केनेडींनी येथे धोरण बदलले. धर्माचा विषय टाळण्याऐवजी त्यांनी तो स्वतःच काढला. नौदलात भरती होताना मला कोणी धर्म विचारला नव्हता, असे ते सभांतून सांगू लागले. मतदानाच्या दोन दिवस आधी दूरचित्रवाणीवरून त्यांनी मांडले की, बायबलवर हात ठेवून घेतलेली राज्यघटनेची शपथ जो अध्यक्ष मोडील, तो राज्यघटनेचा गुन्हेगार ठरेलच, पण देवाचाही अपराधी ठरेल. यानंतर केनेडींविरुद्ध दिलेले मत हे असहिष्णुतेचे मत भासू लागले.

८/ पण ही कहाणी निव्वळ सहिष्णुतेच्या विजयाची नाही. केनेडींकडे वडिलांची अमाप संपत्ती आणि स्वतःचे विमान होते. हम्फ्री भाड्याच्या बसने फिरत होते. साखळी दुकानांशी झुंजणाऱ्या किरकोळ दुकानदारासारखी आपली अवस्था झाली आहे, अशी तक्रार हम्फ्रींनी केली. स्थानिक पुढाऱ्यांना पैसे पोचवल्याचे आरोप झाले. फ्रँकलिन रूझवेल्ट (कनिष्ठ) यांनी केनेडींच्या बाजूने प्रचार करताना हम्फ्री युद्धात लढले नाहीत, हे उकरून काढले. वस्तुतः हम्फ्री वैद्यकीय कारणाने सैन्यात जाऊ शकले नव्हते.

९/ १० मे १९६० रोजी केनेडी सुमारे ६१ टक्के मतांनी जिंकले. हम्फ्री त्याच रात्री शर्यतीतून बाहेर पडले. पक्षधुरिणांना हवा होता तो पुरावा मिळाला. ‘निवडून येईल का?’ या प्रश्नाची धार बोथट झाली. येथपर्यंतची हकीकत बहुतेक पुस्तकांत सापडते. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो दुसरा प्रश्न : या माणसावर विश्वास ठेवावा का?

१०/ एलिनॉर रूझवेल्ट यांच्या शंकेचे मूळ धर्मात नव्हते. डिसेंबर १९५४ मध्ये सिनेटने जोसेफ मॅकार्थी यांच्या निषेधाचा ठराव ६७ विरुद्ध २२ मतांनी संमत केला. पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे केनेडी तेव्हा रुग्णालयात होते हे खरे. पण आपली भूमिका जाहीर करणे त्यांना अशक्य नव्हते. त्यांनी ती केली नाही. मॅकार्थी हे केनेडींच्या वडिलांचे स्नेही होते, आणि धाकटे बंधू रॉबर्ट यांनी त्यांच्या समितीत काम केले होते.

११/ यातला उपरोध असा की, लोकक्षोभ पत्करूनही विवेकाला जागलेल्या आठ सिनेटरांवरील ‘प्रोफाइल्स इन करेज’ या पुस्तकासाठी १९५७ मध्ये केनेडींना पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी ड्र्यू पिअर्सन या पत्रकाराने दूरचित्रवाणीवर आरोप केला की, हे पुस्तक दुसऱ्याने लिहिले आहे. केनेडींनी वकील गाठला आणि वाहिनीला आरोप मागे घ्यावा लागला. पुढे २००८ मध्ये त्यांचे सहायक थिओडोर सोरेन्सन यांनी आत्मचरित्रात लिहिले, की बहुतेक प्रकरणांचा पहिला खर्डा आपण केला होता.

१२/ २ जुलै १९६० रोजी माजी अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी पत्रकार परिषदेत केनेडींच्या परिपक्वतेवर जाहीर प्रश्नचिन्ह उभे केले. ट्रुमन यांना पोपपेक्षा उमेदवाराच्या पिताश्रींची धास्ती अधिक होती, असे म्हणतात. दोनच दिवसांनी ४३ वर्षांच्या केनेडींनी उत्तर दिले : चव्वेचाळिशीच्या आतल्यांना दूर ठेवले असते, तर स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारे जेफरसनही बाहेर राहिले असते. उत्तर चोख होते, टाळ्या मिळाल्या.

१३/ त्याच दिवशी प्रतिस्पर्धी लिंडन जॉन्सन यांच्या गोटातून आणखी एक आरोप झाला : केनेडींना अ‍ॅडिसनचा विकार, म्हणजे अधिवृक्क ग्रंथी निकामी करणारा आजार आहे. केनेडींच्या गोटाने डॉक्टरांचे प्रशस्तिपत्र पुढे केले आणि शब्दांची कसरत करून आरोप फेटाळला. ऐन अधिवेशनाच्या तोंडावर केलेली ही चिखलफेक लोकांना आवडली नाही. पहिल्याच फेरीत केनेडींना ८०६ मते मिळाली. गरज ७६१ मतांची होती.

१४/ ८ नोव्हेंबरला त्यांनी रिचर्ड निक्सन यांना हरवले. सुमारे ६ कोटी ८८ लाख मतांत फरक होता जेमतेम १ लाख १३ हजारांच्या आसपास. दर चार कॅथलिकांपैकी तिघांहून अधिकांनी त्यांना मत दिले, आणि धर्मामुळे अनेक प्रॉटेस्टंट डेमोक्रॅट त्यांच्यापासून दुरावलेही. म्हणजे साशंकांचे गणित अगदीच निराधार नव्हते. फक्त त्यांनी काढलेला निष्कर्ष चुकला.

१५/ आजाराबाबतचा आरोप मात्र खरा होता. १९४७ मध्येच लंडनमध्ये त्याचे निदान झाले होते. इतिहासकार रॉबर्ट डॅलेक यांना केनेडींची वैद्यकीय कागदपत्रे पाहायला मिळाली आणि २००२ मध्ये त्यांनी दुखण्यांची व औषधांची दीर्घ यादी प्रसिद्ध केली. डॅलेक यांच्या मते या आजारांमुळे केनेडींच्या महत्त्वाच्या निर्णयांत बाधा आली नाही. पण मत देण्यापूर्वी हे जाणून घेण्याचा मतदारांचा हक्क डावलला गेला, हे उरतेच.

१६/ १९६० मध्ये अडचण अशी झाली, की धर्मद्वेषाच्या गदारोळात रास्त शंकाही द्वेषाच्या रांगेत जाऊन बसल्या. जॉन्सन यांच्या गोटाचा हेतू स्वच्छ नव्हता. पण विचारणाऱ्याचा हेतू मलिन आहे, म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही. आणि उमेदवारावर एका बाबतीत अन्याय झाला, म्हणून दुसऱ्या बाबतीत तो खरे बोलतो आहे, असेही सिद्ध होत नाही.

१७/ ‘निवडून येईल का?’ याचे उत्तर मतपेटी एका रात्रीत देते. ‘विश्वास ठेवावा का?’ याचे उत्तर द्यायला दप्तरखान्याला कधी कधी चाळीस वर्षे लागतात. वेस्ट व्हर्जिनियाच्या मतदारांनी पहिल्या प्रश्नाचा निकाल लावला, आणि साऱ्यांनी दुसराही निकालात निघाला असे मानले. विजयी उमेदवाराकडे पाहताना आपणही हेच करतो का, एवढे स्वतःला विचारून पाहू या. (समाप्त)