ध्येय आणि व्यवहार : संत विन्सेंट दी पॉल ह्यांच्या कार्याचा बोध

धर्मग्रामाचा महोत्सव साजरा करितांना आपण मंदिराच्या भिंती, घंटा व वेदी ह्यांचा इतिहास सांगतों, आणि तें योग्यच आहे. परंतु ज्या प्रेमाचा उपदेश व्यासपीठावरून होतो, तें प्रेम उपदेश संपल्यावर आजाऱ्याच्या अंथरुणापर्यंत कसें पोंचतें, हाही धर्मग्रामाचा इतिहासच होय. फ्रान्स देशांतील एका लहानशा धर्मग्रामांत १६१७ सालीं ह्या प्रश्नाचें जें उत्तर मिळालें, त्याचें स्मरण अशा मंगलप्रसंगीं करणें अप्रस्तुत होणार नाहीं.

विन्सेंट दी पॉल ह्यांचा जन्म १५८१ च्या सुमारास गॅस्कनी प्रांतांतील पुई ह्या खेड्यांत, एका गरीब शेतकऱ्याच्या घरीं झाला. लहानपणीं त्यांनीं जनावरें राखिलीं. मुलाच्या शिक्षणासाठीं बापानें बैलांची जोडी विकली, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. १६०० सालीं ते धर्मगुरु झाले. पण त्या काळीं त्यांच्या मनांत जें होतें, त्यास उदात्त ध्येय म्हणतां येणार नाहीं. १६१० सालीं त्यांनीं आईस लिहिलेलें पत्र आजही उपलब्ध आहे. लौकरच चांगल्या उत्पन्नाचें स्थान मिळेल व पुढील आयुष्य आईजवळ स्वस्थपणें घालवितां येईल, अशी आशा त्यांत व्यक्त झाली आहे. ही गोष्ट लपविण्यासारखी नाहीं. हा मनुष्य प्रथमपासून व्यवहार जाणणारा होता. तो व्यवहार ज्याच्या सेवेस लावावा, असें ध्येय मात्र त्याला अद्याप गवसावयाचें होतें.

१६१७ सालीं ते शातियों गांवचे धर्मगुरु होते. ऑगस्ट महिन्यांतील एका रविवारीं मिस्सेचीं वस्त्रें परिधान करीत असतां त्यांना वार्ता कळली, कीं गांवाबाहेरील एका घरांत सर्व माणसें आजारी आहेत आणि त्यांच्या शुश्रूषेस कोणीही नाहीं. प्रवचनांत त्यांनीं ती हकीकत लोकांस कळकळीनें सांगितली. नंतर ते स्वतः त्या घरीं जावयास निघाले, तों वाटेवर बायकांची रीघ लागलेली! कोणी अन्न घेऊन जात होत्या, कोणी देऊन परत येत होत्या.

उपदेशकाला ह्याहून अधिक काय हवें? परंतु विन्सेंट ह्यांच्या मनांत निराळाच विचार आला. आज आलेलें इतकें अन्न त्या घरांत संपणार नाहीं. तें नासेल, आणि चार दिवसांनीं हींच माणसें पुनः उपाशी राहतील. लोकांच्या अंतःकरणांत दया पुष्कळ होती. उणीव होती ती व्यवस्थेची. त्यांनीं थोड्याच दिवसांत गांवांतील स्त्रियांस एकत्र बोलाविलें, प्रत्येकीची पाळी ठरविली, आणि वर्ष संपण्यापूर्वीं त्या प्रेमसेवासंघाची नियमावली लिहून तिला वरिष्ठांची मान्यता मिळविली.

त्या नियमावलींत पदाधिकारी आहेत, जमाखर्चही आहे. पण तिचा खरा प्राण दुसरीकडे आहे. जेवण नेणारीनें आजाऱ्यास हंसतमुखानें अभिवादन करावें; अंथरुणावर लहानशी फळी मांडून तिच्यावर रुमाल, पेला, चमचा व पाव ठेवावा; त्याचे हात धुवावे, प्रार्थना म्हणावी, मांसाचे लहान तुकडे करून द्यावे आणि प्रेमानें खाण्याचा आग्रह करावा. ज्याच्याजवळ घरचें माणूस आहे त्याच्यापासून आरंभ करावा व जो अगदीं एकटा आहे त्याच्याकडे शेवटीं जावें, म्हणजे त्याच्यापाशीं अधिक वेळ बसतां येतें. वाचकहो, हा शेवटचा नियम व्यवहाराचा म्हणावा कीं प्रेमाचा?

पुढें ह्याहून कठीण प्रसंग आला. संत फ्रान्सिस डी सेल्स ह्यांनीं १६१० सालीं स्थापिलेल्या संघाच्या भगिनी आजाऱ्यांच्या घरीं जात असत. परंतु व्रतस्थ स्त्रियांनीं मठाबाहेर पडूं नये, ह्या तत्कालीन नियमापुढें त्या संघास कांहीं वर्षांतच बंदिस्त मठाचें रूप स्वीकारावें लागलें. विन्सेंट ह्यांनीं हा धडा लक्षांत ठेविला. १६३३ सालीं लुईझ द मारियाक ह्यांच्यासह त्यांनीं प्रेमसेवेच्या कन्यांचा संघ स्थापिला, तेव्हां ह्या मठवासिनी नव्हेत, असें ते आग्रहानें सांगूं लागले. भाड्याची खोली, गांवचें मंदिर आणि शहराचे रस्ते हाच त्यांचा मठ. कोणी म्हणेल, ही पळवाट झाली. परंतु त्यांनीं सोडिलें तें काय? मठवासिनी ह्या नांवाचा मान. राखिलें तें काय? गरिबाच्या दारापर्यंत जाण्याची वाट.

तथापि ह्यावरून सर्वच गोष्टी हिशेबानें तोलाव्या, असें कोणीं समजूं नये. मार्गरेत नासो ही गुरें राखणारी मुलगी स्वतःच्या प्रयत्नानें वाचावयास शिकली, इतर मुलींस शिकवूं लागली व विन्सेंट ह्यांच्या कार्यांत आली. एका प्लेगग्रस्त स्त्रीस तिनें आपल्या अंथरुणांत जागा दिली आणि १६३३ सालीं त्याच रोगानें ती मरण पावली. शहाणपणाच्या कोणत्याही नियमांत हें बसत नाहीं. तरी विन्सेंट ह्यांनीं तिचेंच उदाहरण भगिनींपुढें ठेविलें. साधनें निवडतांना व्यवहार असावा, परंतु प्रेम किती करावें हें व्यवहारास विचारूं नये, हाच त्यांच्या चरित्राचा अर्थ दिसतो.

ते २७ सप्टेंबर १६६० रोजीं निवर्तले. १८३३ सालीं पॅरिस येथें फ्रेडरिक ओझानाम व त्यांच्या सोबत्यांनीं गरिबांच्या घरभेटीचें कार्य आरंभिलें व त्यास ह्याच संताचें नांव दिलें. त्या संस्थेच्या शाखा आपल्या प्रांतांतील धर्मग्रामांतही काम करीत आल्या आहेत.

प्रभूनें सांगितलेल्या दाखल्यांतील चांगला शोमरोनी केवळ कळवळून थांबला नाहीं. त्यानें जखमा बांधल्या, जखमी मनुष्यास आपल्या जनावरावर बसविलें, उतारशाळेच्या मालकास दोन दीनार दिले, आणि अधिक खर्च झाल्यास परत येतांना फेडीन असेंही सांगितलें. महोत्सवाच्या ह्या वर्षीं दानपेटींत पैसा पुष्कळ पडेल. परंतु आपल्या गांवांत जो अगदीं एकटा आहे, त्याच्याकडे शेवटीं जाऊन थोडा वेळ बसण्याची पाळी कोणाची, हेंही आपण आजच ठरवूं या.